राजपुत्र शंभर वर्षं झोपला तर

'कुठल्याही पुरुषाच्या हातून मला मरण नाही' असं वरदान किंवा असं भविष्य पदरात असलेला खलनायक, फँटसी वाचणाऱ्या प्रत्येकाला कुठे ना कुठे भेटलेला असतोच. देवीभागवतातला महिषासुर तर हे मागूनच घेतो, बाईच्या हातून मरण येणार असेल तर येवो, ती अबला काय करणार मला, असा त्याचा हिशोब. आणि टोलकीनच्या १९५५ साली आलेल्या 'द रिटर्न ऑफ द किंग'मध्ये नाझगुलांचा, म्हणजे त्या भयंकर काळ्या स्वारांचा म्होरक्या भर रणांगणात हेच सुनावतो, आणि समोरचा तरुण सैनिक शिरस्त्राण काढतो तर ती एओविन नावाची तरुणी निघते. मला हा प्रसंग प्रचंड आवडतो, कितीदाही वाचला तरी अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच मी तो एकदा उलटा करून बघितला.

म्हणजे असं, की आता एक महाभयंकर राक्षसीण आहे, तिला कुणीतरी सांगून ठेवलंय की जगातली कुठलीही स्त्री तुला मारू शकणार नाही, ती रणांगणावर तसं गर्जून सांगते, समोरचा योद्धा शिरस्त्राण काढतो, आणि तो पुरुष निघतो. मग? मग काहीच नाही. रणांगणावर पुरुष असणारच होता की. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो तो एवढाच, की या राक्षसिणीला हे आधी का सुचलं नाही, समोर अख्खं सैन्य पुरुषांचं उभं असताना ती इतकी निर्धास्त कशी. आणि हा उलटा प्रसंग चालवायचाच असेल तर एका योद्ध्याला पुरुष करून भागत नाही. अख्खं सैन्य बायकांचं करावं लागतं, सेनापती बाई, राजाच्या जागी राणी, जुन्या लढायांची गाणी गाणाऱ्या बायका, ती गाणी ज्यांच्याबद्दल आहेत त्याही बायकाच, इतकं की पुरुषही तलवार उचलू शकतो हे त्या जगात कुणाच्या ध्यानीमनीही नसलं पाहिजे. तेव्हा कुठे शिरस्त्राण काढल्यावर धक्का बसतो.

म्हणजे तो ट्विस्ट एओविनच्या अंगात नव्हताच, तो तिच्या आजूबाजूच्या हजारो पुरुषांमध्ये होता. तिचं शौर्य खरंच आहे, त्यातलं काही कमी होत नाही. पण आपल्याला जो धक्का बसतो तो तिच्या शौर्याचा नाही, तिला कुणी मोजलंच नव्हतं याचा आहे, आणि न मोजणाऱ्यांमध्ये खलनायक होता तसे आपणही होतो. हे कळल्यापासून मला सवयच लागली. गोष्ट आवडली की ती उलटी करून वाचायची. नावडत्या गोष्टींवर हे करण्यात मजा नाही, तिथे काय सापडणार हे आधीच माहीत असतं.

या सवयीतून एक गोष्ट मला फार पक्की कळलीये. पात्राचं जेंडर बदललं की पात्र फारसं बदलत नाही. बदलतात ते आपण त्या पात्राला विचारतो ते प्रश्न. काही पात्रांना आपण कारण मागतो आणि काहींना मागत नाही, काहींच्या गप्प बसण्याला आपण खोली म्हणतो आणि काहींच्या गप्प बसण्याकडे आपलं लक्षही जात नाही. लेखकाने पानावर जे लिहिलंय त्यात आपण वाचताना आपल्या पदरची भर घालतो, आणि ती भर तो आहे की ती आहे यावर ठरते. एरवी ही भर दिसत नाही कारण ती इतकी सहज पडते. स्वॅप, म्हणजे अशी अदलाबदल, केला की ती उघडी पडते.

हे कुणी पहिल्यांदा केलं असं नाही. २०२० मध्ये केरी फ्रान्समन आणि जोनाथन प्लॅकेट या दोघांनी परीकथांचं एक पुस्तकच असं काढलं. प्लॅकेटने एक प्रोग्रॅम लिहिला, तो मजकुरातले फक्त स्त्री-पुरुषवाचक शब्द उलटे करत जातो, बाकी एक अक्षर हलवत नाही. त्यांनी घेतलेल्या कथा अँड्र्यू लँगच्या रंगीत परीकथा-पुस्तकांमधल्या. ही मालिका १८८९ मध्ये 'ब्लू फेअरी बुक'पासून सुरू झाली, नाव कायम लँगचं राहिलं, पण त्यातल्या बऱ्याच कथांचं भाषांतर आणि पुनर्लेखन त्याच्या बायकोने, लिओनोराने केलं होतं आणि हे तो स्वतः प्रस्तावनांमध्ये सांगायचा. कव्हरवरही एक अदलाबदल होतीच म्हणायची, ती बरीच वर्षं कुणाला खटकली नाही.

इंग्रजीत असं काम कॉम्प्युटरवर सोडता येतं. मराठीत नाही जमत. नाव आणि सर्वनाम बदलून आपलं काय भागणार, आपल्याकडे 'निघाला'चं 'निघाली' करावं लागतं, 'थकलेला, एकटा, भेदरलेला' सगळं बदलावं लागतं, गोष्ट 'मी' सांगत असेल तरी सुटका नाही, पहिल्या 'गेलो' किंवा 'गेले'ला सांगणारा कोण ते कळतंच. त्यामुळे मी हे हाताने करते, मूळ गोष्ट मराठीत उतरवून घ्यायची आणि मग ओळीओळीने फिरवायची. आणि ते करताना एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. 'त्याने दार उघडलं'चं 'तिने दार उघडलं' करताना 'उघडलं'ला हात लावावा लागत नाही. तलवार त्याने उचलली काय नि तिने उचलली काय, 'उचलली' तशीच. पण 'तो रडला'चं 'ती रडली' होतं, 'तो थांबला, घाबरला, झोपला' यातलं प्रत्येक क्रियापद बदलावं लागतं. पात्र जिथे एखादी वस्तू हातात घेऊन काहीतरी करतं तिथे माझं काम कमी, आणि जिथे पात्र नुसतं असतं, बसतं, वाट बघतं, रडतं तिथे पानभर खाडाखोड. काही राजकन्यांच्या गोष्टींची पानं माझ्याकडे अक्षरशः लालेलाल झालीत. भराभर वाचताना मला हे कधीच दिसलं नसतं.

झोपलेल्या राजकन्येची गोष्ट त्यातली सगळ्यात लाल. तिच्याबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा त्या चुंबनावर येतात आणि ते बरोबरच आहे, झोपलेल्या माणसाला न विचारता घेतलेलं चुंबन स्वॅप केल्यावर जास्तच बोचतं. पण चुंबन ग्रिमबंधूंच्या गोष्टीत आहे, फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत नाहीच, तिथे राजपुत्र नुसता गुडघे टेकतो आणि मुदत संपलेली असते म्हणून ती जागी होते. आणि त्याच्याही आधी, १६३४-३६ मध्ये छापलेल्या इटालियन बासिलेच्या संग्रहातल्या गोष्टीत तर राजा झोपलेल्या तालियावर जबरदस्ती करून निघून जातो आणि ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते. ती आवृत्ती उलटी करून लिहिताच येत नाही, मी प्रयत्नही केला नाही, तिथे शरीराचाच प्रश्न आहे.

मला अडकवलं ते चुंबनाने नाही, झोपेने. राजपुत्राचा जन्म झाला, बारशाला एका म्हाताऱ्या परीला बोलवायचं राहिलं, तिने शाप दिला, राजपुत्र सोळाव्या वर्षी बोटाला चाती टोचून झोपला आणि शंभर वर्षं झोपून राहिला, मग एक राजकन्या काटेरी जंगलातून आली. बास. मूळ गोष्टीतलं सगळं तसंच ठेवून मी हे लिहिलं आणि वाचताना मला सारखं वाटत राहिलं की काहीतरी गाळलंय. याने केलं काय होतं? काहीतरी आगाऊपणा केला असणार, कुणाचा अपमान, एखादी मोडलेली शपथ, त्याशिवाय गोष्टीच्या नायकाला अशी शिक्षा कशी होईल. आणि झोपेत तरी त्याला काही दिसत असणार, स्वप्नात तो कुणाशी तरी लढत असणार, शंभर वर्षांनी उठल्यावर त्याला काहीतरी नवीन येत असणार. माझं डोकं आपोआप त्याच्या झोपेत मजकूर भरायला लागलं. राजकन्या झोपली होती तेव्हा मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की तिने काय केलं होतं, की ती स्वप्नात काय बघत होती. मुलगी झोपली, हे गोष्टीला पुरेसं कारण होतं. मुलगा झोपला की त्याला कारण लागतं.

उलट बाजूही आहे, म्हणजे स्वॅपने एखाद्या बाईबद्दलचं माझं मत वाढलंय असंही झालंय, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. लँगच्या त्याच 'ब्लू फेअरी बुक'मध्ये सिंड्रेला आहे, पेरोची, काचेच्या बुटाची, आणि त्याच पुस्तकात पुढे नॉर्वेची एक गोष्ट आहे, काचेच्या डोंगरावरच्या राजकन्येची, आणि तिच्या नायकाला लँगच्या पुस्तकात नाव दिलंय सिंडरलॅड. म्हणजे लोककथांनी ही अदलाबदल आपल्या आपण आधीच करून ठेवलेली आहे, एकाच पुस्तकात राखेतली मुलगी आणि राखेतला मुलगा. दोघांनाही घरात हिडीसफिडीस करणारी दोन-दोन भावंडं. दोघांनाही कुणाला न सांगता मिळालेला थाट, तिला उंची पोशाख आणि बग्गी, त्याला घोडे आणि चिलखतं, तांब्याचं, मग चांदीचं, मग सोन्याचं. दोघंही थाटात जातात, सगळ्यांचे डोळे दिपवतात आणि गुपचूप घरी येऊन पुन्हा राखेत बसतात, आणि भावंडं घरी येऊन त्यांनाच त्या अनोळखी पाहुण्याची वर्णनं ऐकवतात.

फरक कुठे आहे? तो डोंगर चढतो. पहिल्यांदा एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग थेट माथ्यापर्यंत, तिथे राजकन्या मांडीवर तीन सोन्याची सफरचंदं घेऊन बसलीये. पहिल्या वेळी तो मधूनच परत फिरतो तेव्हा ती एक सफरचंद त्याच्यामागे सोडून देते आणि ते घरंगळत येऊन पडतं त्याच्या बुटात. बुटातच! हे वाचून मी खरंच पुस्तक खाली ठेवलं. शेवटी राजा म्हणतो ज्याच्याकडे सफरचंद असेल त्याने पुढे यावं, आणि हा राखेने माखलेला मुलगा सफरचंदं काढून दाखवतो, अंगावरच्या चिंध्या फेकतो, आत सोन्याचं चिलखत. सिंड्रेलाच्या बाबतीत आपल्या लक्षात काय राहतं, तर बूट घेऊन कुणीतरी दारात आलं आणि तो तिच्या पायात बसला. त्याने मिळवलेलं दाखवायचं आणि तिने हरवलेल्या वस्तूत मावायचं, असा सरळ हिशोब मी मांडून मोकळी होणार होते.

पण सिंड्रेला मुलगा करून ओळीओळीने उतरवताना शेवटच्या पानावर मी थबकले. पेरोच्या गोष्टीत ती गप्प कोपऱ्यात बसलेली नसते. ती बूट ओळखते आणि हसत म्हणते, बघू बरं मला बसतो का. बहिणी तिची टर उडवतात. बूट बसतो, आणि मग ती खिशातून दुसरा बूट काढते आणि पायात घालते. दुसरा बूट तिच्याकडेच होता, तिने तो जपून ठेवला होता. मुलाने खिशातून दुसरा बूट काढला असं लिहिल्यावर मला लख्ख दिसलं की हा सिंडरलॅडचाच क्षण आहे, तसाच्या तसा, सफरचंद काढून दाखवण्याचा, पुरावा माझ्याकडे आहे आणि तो मी हवा तेव्हा बाहेर काढीन म्हणण्याचा. १६९७ पासून ते वाक्य तिथे छापलेलं आहे. तिने बोलून दाखवलं, हिंमत केली, पुरावा काढला, आणि आपण तिला बिचारी म्हणत राहिलो. तिचा बिचारेपणा बराचसा वाचणाऱ्यांनी आणलेला आहे.

म्हातारी माणसं स्वॅप केली की तर फँटसीचा अख्खा पायाच हलतो. जंगलात एकट्याच राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घरी दोन मुलं चुकून पोचतात, ती गोड बोलून त्यांना खाऊ घालते, आणि ती चेटकीण असते, ही परीकथा. जंगलात एकटा राहणारा म्हातारा पुरुष दोन मुलांना खाऊ देऊन घरात बोलावतो, ही परीकथा राहतच नाही, वाचणाऱ्याच्या मनात लगेच गुन्ह्याची बातमी सुरू होते, जादूबिदू कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि ग्रिमबंधूंनी स्वतः अशा गोष्टींमध्ये कुणाकुणाला वाचवलं तेही बघण्यासारखं आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलची आई १८४० मध्ये सावत्र झाली. आई या पदाला धक्का लागू नये म्हणून. मुलांना जंगलात सोडून येणारा बाप मात्र सगळ्या आवृत्त्यांमध्ये सख्खाच राहिला, तो फक्त हळवा आणि हतबल. त्याला सावत्र करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण बापाकडून तेवढी अपेक्षाच नव्हती. ही गोष्ट उलटी करून, म्हणजे बाप मुलांना टाकायचा हट्ट धरतो आणि सख्खी आई हो-ना करत शेवटी त्यांना जंगलात नेऊन सोडते अशी वाचून बघा, त्या आईला शेवटी मुलं धावत येऊन मिठी मारतात हे पचतच नाही. बापाला मारलेली मिठी आपण किती सहज पचवत आलोय.

जादूगाराचंही तसंच. एक म्हातारा जादूगार दारात येतो, घरबश्या माणसाला काहीही नीट न सांगता भलत्याच मोहिमेवर धाडतो, ऐन संकटात गायब होतो, परत येतो तेव्हा कुठे होता ते धड सांगत नाही. हे वर्णन टोलकीनच्याच 'द हॉबिट'चं आहे, १९३७ चं, पण हा म्हातारा त्यानंतर इतक्या कादंबऱ्यांमध्ये फिरलाय की तो आता सगळ्यांचाच झाला. मी त्याची म्हातारी केली, चालणं-बोलणं-चिडणं सगळं तसंच ठेवलं, आणि ती पानं ताईला वाचायला दिली. ती वैतागली. ही बाई नीट सांगत का नाही काय ते, म्हणाली, एवढं माहितीये तर या बिचाऱ्याला आधी सांगायला काय होतं, आणि मधेच कुठे जाते? मग आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसलो, कारण मूळ म्हातारा तिचा लहानपणापासूनचा लाडका, आणि त्याच्या न सांगण्याला ती कायम गूढपणा म्हणत आली होती. म्हाताऱ्याच्या मौनामागे ज्ञान आहे हे आपण धरूनच चालतो. म्हातारीला ते आधी सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला लागली की ती बडबडी ठरते.

'द हॉबिट' अख्खं उलटं केलं तर काय होईल हाही एक मोठा प्रश्न आहे, कारण त्यात पुरुष सोडून जवळजवळ कुणीच नाही. तेरा बुटके, म्हणजे ड्वार्फ, सगळे 'तो'. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात टोलकीनने एक गंमत लिहून ठेवलीये, की ड्वार्फ जमातीत बायका फार तर एक तृतीयांश, आणि त्या प्रवासाला निघाल्याच तर आवाजात, दिसण्यात, पोशाखात पुरुषांसारख्याच इतक्या, की परक्यांना ओळखूच येत नाहीत. या एका नोंदीनंतर मी दारात येणाऱ्या ड्वार्फांच्या रांगेकडे वेगळ्या नजरेने बघते. वंशावळीत ज्यांची नाती पक्की दिलीत ते सोडा, पण बाकीच्यांना 'तो' म्हणणारा हॉबिट, म्हणजे गोष्टीचा तो घरबशा नायक, शेवटी परकाच ना?

आणि मग ते वास्तवाचं. ड्रॅगन चालतो, उडणारे किल्ले चालतात, पण बाईच्या हातात जड कुऱ्हाड दिली की लोकांना स्नायूंचं शास्त्र आठवतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फँटसी खेळाच्या १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये हे चक्क नियम म्हणून छापलेलं होतं, मानवी पुरुष योद्ध्याची ताकद १८/०० पर्यंत, म्हणजे अठराच्या वर शंभरपैकी शंभरपर्यंत जाऊ शकते, बाईची १८/५० ला थांबते. बाईची मर्यादा तक्त्यात छापून आली, आणि त्याच खेळात एका मंत्राने अख्ख्या खोलीला आग लावता येत होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम गेला. खेळ बुडाला नाही.

आता स्वॅपवर एक आक्षेप घेतात आणि मला तो पटतो. नुसतं 'तो'चं 'ती' केलं म्हणजे चांगली गोष्ट तयार होत नाही. कापाकापी करणारा, कुणाचं न ऐकणारा, न रडणारा नायक घेतला आणि त्याला बाईचं नाव दिलं, तर ते वाचण्याचं साधन आहे, लिहिण्याचं नाही. उर्सुला ले ग्विन या लेखिकेने हे फार प्रामाणिकपणे करून बघितलं. १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधली माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष, महिन्यातले थोडे दिवस यांपैकी काहीही होऊ शकतात, आणि तिने त्या सगळ्यांना इंग्रजीतलं 'he', म्हणजे 'तो' म्हटलं होतं. लोकांनी विचारलं, मग ती सगळी पुरुषच वाटतात की. १९७६ मध्ये तिने लेख लिहून आपली बाजू मांडली, आणि १९८७ मध्ये त्याच लेखावर टिपणं घालून बरंच मागे घेतलं. त्याआधीच, १९७५ च्या संग्रहात, त्याच जगातली 'विंटर्स किंग' ही जुनी कथा तिने पुन्हा छापली आणि सगळीकडे 'ती' केलं, पण पदवी 'राजा'च ठेवली. मराठीत ते कसं होईल हे मी मोठ्याने म्हणून बघितलं, राजा आली, राजा थकली होती, राजा काहीच बोलली नाही. दोन-तीन पानांनंतर ते विचित्र वाटायचं थांबतं आणि नुसती एक थकलेली, सत्तेच्या ओझ्याखालची व्यक्ती समोर उरते.

आणि १९९० च्या 'टेहानू'मध्ये तर तिने कुणाचंच जेंडर बदललं नाही. तिच्या आधीच्या कादंबऱ्यांमधलं अर्थसीचं तेच जग, फक्त पुरुष जादूगारांची शाळा असलेलं, बायकांच्या जादूला कमी लेखणाऱ्या म्हणी असलेलं. बदललं ते बघणारं माणूस. आता ते जग एक मध्यमवयीन बाई बघते, शेरडं सांभाळते, भाजलेल्या मुलीला वाढवते, आणि जादू गमावून आलेल्या महान जादूगाराला घरात ठेवून घेते. लिहिणाऱ्यांनी स्वॅपच्या पुढे कुठे जायचं याचं माझ्यासाठी ते सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

लेखकाचं जेंडर उलटं झालं तर काय होतं तेही घडून गेलंय. १९७५ मध्ये विज्ञानकथा लेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्गने जेम्स टिप्ट्री ज्युनियर या विज्ञानकथाकाराच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिताना म्हटलं की या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे, हा लेखक बाई असणं शक्य नाही. १९७७ पर्यंत सगळ्यांना कळलं की टिप्ट्री म्हणजे अॅलिस शेल्डन. कथेतलं एक अक्षर बदललं नव्हतं.

मला मात्र फिरून फिरून महाभारतात यावंसं वाटतं, कारण तिथे ही अदलाबदल कथेच्या आतच घडते आणि तिचं वाचनही आतच होतं. शिखंडी द्रुपदाची मुलगी म्हणून जन्मली, मुलगा म्हणून वाढवली, दशार्णाच्या राजकन्येशी लग्न झालं, गुपित फुटलं, जीव द्यायला अरण्यात गेली आणि तिथे स्थूण नावाच्या यक्षाने तिला आपलं पुरुषत्व काही काळापुरतं उसनं दिलं. युद्धाच्या दहाव्या दिवशी तो भीष्मासमोर उभा राहतो. सगळं सैन्य बघतं की एक महारथी पुढे आलाय. भीष्म बघतो की ही बाई आहे, हिच्यावर मी शस्त्र चालवणार नाही. एकच व्यक्ती, दोन वाचनं, आणि भीष्म पडतो तो त्याच्या वाचनामुळे. आणि त्यानंतर शरशय्येवर पडल्या पडल्या हाच भीष्म अनुशासनपर्वात युधिष्ठिराला भंगास्वनाची गोष्ट सांगतो, सरोवरात न्हाऊन स्त्री झालेल्या राजाची. पुरुष असताना झालेले शंभर मुलगे आणि स्त्री झाल्यावर झालेले शंभर, सगळे इंद्राने लावून दिलेल्या भांडणात मेले. इंद्र विचारतो, कुठले जिवंत करू. ती म्हणते, स्त्री म्हणून मला झाले ते. इंद्र खूश होऊन सगळ्यांनाच उठवतो आणि विचारतो, आता तुला पुन्हा पुरुष करू का. ती म्हणते नको, मला स्त्रीच राहू दे. ज्याचा पाडाव शिखंडीला पुढे करून झाला त्याच्याच तोंडी ही गोष्ट आहे, आणि सांगताना त्याचा आवाज कडवट नाही.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो स्थूण. शिखंडी बोलल्याप्रमाणे परत द्यायला आलाही होता, पण तोवर कुबेर येऊन गेला होता. स्त्रीरूपात लाजून स्थूण स्वागताला बाहेर आला नाही म्हणून कुबेराने शाप दिला, असाच राहा, आणि बाकीच्या यक्षांनी विनवल्यावर मुदत घातली शिखंडीच्या मरणापर्यंत. शिखंडीला अश्वत्थाम्याने मारलं, अठराव्या दिवसानंतरच्या त्या रात्री, छावणीत. म्हणजे त्याच रात्री दूर अरण्यात स्थूण पुन्हा पुरुष झाला असणार. महाभारत तिकडे वळूनही बघत नाही. उपकार करून बसलेल्या त्या यक्षाने मधली सगळी वर्षं त्या घरात कशी काढली, आणि ती रात्र आली तेव्हा त्याला परत जायचं होतं का, की भंगास्वनासारखं तिलाही राहायचं होतं? इंद्राने भंगास्वनाला विचारलं तरी, स्थूणाला विचारायला कुणी गेलं नाही. मी ती गोष्ट लिहायला घेतलीये, छावणीतल्या रात्रीपासून नाही, त्याच्या खूप आधीपासून, कुबेर निघून गेल्यावर यक्षांच्या त्या घरात उजाडलेल्या पहिल्या सकाळपासून, आणि पहिल्याच वाक्यात स्थूण उठला लिहायचं की उठली, यावर सध्या अडलेय.